जखमेत आसडी पडली तर: नव्या गोठेवाल्यांसाठी

आमच्याकडं कुणाचा फार राग आला की म्हातारी माणसं "तुला किडे पडतील" असा शाप देतात. हा शाप डोक्यात इतका मुरलाय की म्हशीच्या जखमेत खरोखरच किडे, म्हणजे आसडी, वळवळताना दिसले की माणूस आधी लाजतो. शेजारपाजाऱ्यांना कळू नये म्हणून अंगावर पोतं टाकतो, कुणीतरी सांगितलेला पाला कुटून लावतो आणि दोन दिवस वाट बघतो. तेवढ्यात बोटभर भोकाची आतून मूठभर पोकळी झालेली असते.

माझं पहिलं रेडकू मी असंच घालवलं. आषाढाचा पाऊस लागला होता, गोठ्यात चिखल होता, नाळ ओलीच राहिली. तिसऱ्या दिवशी ते आचळाला लागायला उठेना. बेंबीखाली हात घातला तर बोट आतच गेलं. डॉक्टर आले तोवर अळ्या पोटाच्या पडद्यापर्यंत पोहोचल्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "काल हात लावून बघितलं होतं का?" नव्हतं बघितलं.

म्हणून हे लिहितोय. गेल्या वर्ष-दोन वर्षांत ज्यांनी पहिल्यांदाच दावणीला म्हैस, गाय किंवा चार शेळ्या बांधल्या, त्यांच्यासाठी. कोल्हापूर जिल्ह्यात दूध संस्था नाही असं गाव सापडणं अवघड, आणि पुण्या-मुंबईची नोकरी सोडून गोठा घालणारी पोरंही आता बरीच दिसतात. त्यांना वैरणीचं, पेंडीचं, फॅटचं गणित सांगणारे शंभर जण भेटतात. आसडीचं कुणी सांगत नाही.

माशी ओळखा

जखमेतले किडे घाणीतून आपोआप तयार होत नाहीत. ते माशीच्या अंड्यांतून येतात. इटलीच्या फ्रान्चेस्को रेडीनं 1668 मध्येच मांसाची भांडी उघडी आणि झाकलेली ठेवून हे दाखवून दिलं होतं. जिथं माशी पोचली तिथंच अळ्या झाल्या. तेव्हा किडे पडले म्हणजे आपलं पाप नाही आणि जनावराचं नशीबही नाही. एका माशीला जखम सापडली, इतकंच.

आपल्याकडं जिच्या अळ्या जिवंत जनावराच्या मांसात वाढतात ती मुख्य माशी म्हणजे क्रायसोमिया बेझियाना. घरमाशीपेक्षा जरा मोठी, अंग निळसर-हिरवं, चकाकणारं. हिचं वेगळेपण असं की हिची अळी शेणात किंवा कुजलेल्या मढ्यात वाढत नाही. तिला जिवंत, उबदार मांसच लागतं. नवीन माणूस सगळ्यात जास्त इथं फसतो. "आमचा गोठा स्वच्छ आहे, आमच्याकडं कशाला होईल," असं तो म्हणतो. गोठा जरूर स्वच्छ ठेवा, घरमाशा आणि रक्त पिणाऱ्या माशा त्यानं कमी होतात. पण ही माशी उकिरडा बघत नाही, ती जखम शोधते.

मादी जखमेच्या कोरड्या कडेला अंडी घालते, एका वेळी साधारण 150 ते 200. पांढरी, रव्याच्या दाण्यासारखी, कौलं रचावीत तशी एकाला एक चिकटलेली. 12 ते 24 तासांत ती फुटतात. बारीक अळ्या तोंड आत करून मांसात घुसतात आणि 5 ते 7 दिवस खात राहतात. अंगावर काट्यांचे पट्टे असतात, स्क्रूच्या आट्यांसारखे, त्यामुळं नुसतं पाणी मारून त्या सुटत नाहीत. श्वास घ्यायची भोकं मात्र त्यांच्या मागच्या टोकाला असतात आणि ते टोक त्या जखमेच्या तोंडाशी ठेवतात. हे लक्षात ठेवा, पुढचा सगळा उपाय याच एका गोष्टीवर उभा आहे.

पूर्ण वाढलेली अळी दीड सेंटिमीटरच्या आसपास होते, जखमेतून खाली पडते, मातीत शिरून कोष करते. उबदार हवेत आठवड्याभरात त्यातून नवी माशी निघते. म्हणजे आज तुम्ही गोठ्यातच टाकून दिलेल्या अळ्या महिनाभराच्या आत तुमच्याच दुसऱ्या म्हशीवर परत येऊ शकतात.

अमेरिकेतली अशीच एक माशी, हिची लांबची बहीण म्हणा, मादी आयुष्यात साधारण एकदाच मीलन करते या एका गोष्टीवरून हरवली गेली. एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड या शास्त्रज्ञांनी किरणोत्सर्गानं नपुंसक केलेले नर लाखोंनी सोडायची पद्धत काढली. त्यांच्याशी मीलन झालेल्या माद्यांची अंडी फुटलीच नाहीत. 1954 मध्ये कुरासाओ बेटावर त्याचा पहिला मोठा विजय झाला. 1988 मध्ये ही माशी लिबियात पोचली तेव्हा तिथंही मेक्सिकोहून विमानानं नपुंसक माशा नेऊन तिचा नायनाट केला. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पण तुमच्या-माझ्या गोठ्यात विमान येणार नाही. आपल्याला रोज सकाळी हात फिरवायचा आहे.

रोजची पाहणी

धार काढायच्या आधी दोन मिनिटं. बॅटरी घ्या, कारण गोठ्यात पहाटे उजेड नसतो आणि म्हशीचं कातडं काळं. पुढच्या जागा ठरवून बघा: शिंगाचा बुडखा, कान (विशेषतः बिल्ला मारलेला), वेसणीचं भोक, मानेवर जू घासतं ती जागा, शेपटीचा बुडखा आणि तिच्या खालचा भाग, खुरांची बेचकी, कास आणि मांडी यांच्यामधली घडी. नवजात वासरू-रेडकू असेल तर बेंबी. गोचीड उपटून काढल्यावर राहिलेला ठिपकाही या माशीला पुरतो, म्हणून गोचिडांचा बंदोबस्त हा आसडीचाही बंदोबस्त आहे.

खाणाखुणा सांगतो. जनावर एकाच जागेवर सारखं वळून बघतं, चाटतं, पाय आपटतं. वैरण कमी खातं. शेळी असेल तर कळपातून बाजूला जाऊन उभी राहते. जखमेतून पातळ, रक्ताळलेलं पाणी गळतं, भोवतालचे केस चिकट होतात. आणि वास. तो एकदा नाकात बसला की विसरत नाही, गोडसर-कुजका, पुवाच्या वासापेक्षा वेगळा. कावळा एकाच जनावराच्या पाठीवर त्याच जागी पुन्हा पुन्हा बसत असेल तर हातातलं काम टाकून जाऊन बघा.

जखमेत बॅटरी मारून थोडा वेळ शांतपणे पाहा. आत पृष्ठभाग हलल्यासारखा दिसला, बारीक ठिपक्यांची रांग खालीवर झाली, तर त्या अळ्यांची मागची टोकं आहेत. वरचं भोक लहान दिसलं म्हणून धीर धरू नका. आतली पोकळी नेहमी मोठी असते.

हाताशी काय असावं

एका प्लॅस्टिकच्या डब्यात हे भरून गोठ्यात टांगून ठेवा: रबरी हातमोजे, बोथट टोकाचा लांब चिमटा, कात्री, कापूस आणि गॉज, टर्पेंटाईन तेलाची लहान बाटली, पोटॅशियम परमँगनेट, पोव्हिडोन आयोडीन, जनावरांच्या जखमेवर मारायचा माशीरोधक फवारा किंवा मलम, करंज किंवा कडुनिंबाचं तेल. आणि झाकणाचा एक जुना डबा, अळ्यांसाठी. सगळं मिळून फार खर्च नाही. पण रात्री दहाला, पावसात, लाइट गेलेली असताना यातली एक वस्तू नसली की काय होतं ते मला माहीत आहे.

भिंतीवर खडूनं 1962 हा नंबर लिहून ठेवा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठीचा तो टोल फ्री क्रमांक आहे. शेजारी आपल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचा नंबर.

अळ्या काढायची रीत

आधी जनावर नीट बांधा. खोडा असेल तर उत्तम, नसेल तर दोन माणसं पाहिजेत. ही जखम भयंकर दुखते, गरीब म्हैसही लाथ मारते. तिच्यावर ओरडू नका. जो रोज धार काढतो त्या माणसानं डोक्याशी उभं राहून मान खाजवत राहिलं तर निम्मं काम सोपं होतं. आमच्या घरात हे काम आई करायची, आता बायको करते.

भोवतालचे केस दोन-तीन बोटं रुंदीपर्यंत कापा. न फुटलेली अंडी याच केसांना आणि जखमेच्या कडांना चिकटलेली असतात. ती राहिली तर उद्या सगळं पुन्हा सुरू. कापलेले केस खाली पडू देऊ नका, कागदावर गोळा करून जाळा.

आता टर्पेंटाईन. गॉजचा बोळा तेलात भिजवून पिळून घ्या, टपकता नको. तो जखमेच्या तोंडाशी बसेल असा घाला आणि 10 ते 15 मिनिटं थांबा. श्वासाची भोकं झाकली गेली की अळ्या गुदमरून वर यायला लागतात. ही दहा मिनिटं नवीन माणसाला फार लांब वाटतात आणि तो बोळा काढून चिमटा खुपसायला लागतो. थांबा. आत घट्ट बसलेली अळी ओढली तर तुटते, तुटलेला तुकडा आत कुजतो.

बोळा काढल्यावर वर आलेल्या अळ्या एकेक करून अलगद काढा आणि सरळ डब्यात टाका. डब्यात आधीच साबणाचं उकळतं पाणी असू द्या, किंवा नंतर जाळा. जमिनीवर एकही नको. कोंबड्यांना घालायची सवय काही ठिकाणी आहे, पण एवढ्या गडबडीत चार-दोन मातीत जाणारच, म्हणून मी ती सोडली. वरच्या निघाल्या की बोटानं, मोजा घालून, आतली पोकळी कुठवर जाते ते चाचपडा. खिसे असतात, एका बाजूला वळलेले. त्यात दुसरा बोळा घाला. पहिल्या फेरीत सगळ्या निघत नाहीत, ते धरूनच चला.

मग धुणं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड चहाचा चमचा मीठ, किंवा परमँगनेटचं फिकट गुलाबी पाणी. गडद जांभळं करू नका, ते चांगल्या मांसालाही भाजतं. सुईशिवायच्या मोठ्या सिरिंजनं खिशात सोडून बाहेर वाहू द्या. कोरडं करून आयोडीन लावा, वरून आणि भोवती माशीरोधक फवारा मारा. जखमेच्या सभोवार, आत नव्हे, करंज तेलाचा हात फिरवला तर पावसाळ्यात उपयोग होतो. आसडी पडलेल्या जखमेचा वास दुसऱ्या माद्यांना बोलावतो. म्हणून आज सगळ्या अळ्या काढल्या तरी ती जखम उघडी सोडणं म्हणजे परत आवतण देणं.

दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा, तिसऱ्या दिवशीही. सलग दोन दिवस एकही अळी दिसली नाही आणि तळाशी लालसर, दाणेदार, ओलसर मांस दिसायला लागलं की समजा जखम भरतीय. तिथून पुढं रोज धुणं आणि फवारा, खपली धरेपर्यंत.

सीताफळाच्या पाल्याचं विचाराल. पाला वाटून लावायची जुनी रीत आहे, त्यानं अळ्या बाहेर येतात हेही खरं, आणि डोंगरातल्या वाडीत रात्री दुसरं काहीच नसेल तर मी नाही म्हणणार नाही. पण डोळ्याजवळ तो रस अजिबात नको, आणि पाला कोंबून जखम बंद करून टाकू नका. आतली घाण कुठं जाणार?

रॉकेल, पेट्रोल, फिनेल, डांबरगोळीची पूड, बॅटरीतलं काळं, आणि शेतातलं फोरेटसारखं विष. हे सगळं घातलेलं मी पाहिलंय. अळ्या मरतात, खरं आहे. सोबत मांस जळतं, आणि शेतातलं विष जखमेतून रक्तात गेलं की म्हैस लाळ गाळत, थरथरत काही तासांत जाते. ते घातलं गेलं असेल तर न लपवता डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगा, उपचार त्यावर ठरतो.

डॉक्टर कधी

डोळा, तोंड, नाकाचं आतलं, आचळाचं तोंड, योनी, गुद, बेंबी, शिंगाची पोकळी. या जागांवर स्वतः टर्पेंटाईन वापरू नका, सरळ बोलवा. जखम बोटापेक्षा खोल असेल, ताप असेल, जनावर खात नसेल, व्यायल्यावर जार (वार) अडकून आसडी पडली असेल, तरीही. भूल देऊन साफ करणं, वेदनाशामक, प्रतिजैविक हे त्यांचं काम.

आयव्हरमेक्टिनचं, म्हणजे अळ्या मारणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन हल्ली दुकानात सहज मिळतं आणि लोक स्वतःच टोचतात. औषध चांगलं आहे. मात्रा वजनावर ठरते, ते कातडीखाली द्यायचं असतं, आणि दुधात उतरतं. दुभत्या म्हशीला डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका, आणि दिलंच तर ते सांगतील तितके दिवस ते दूध संस्थेला घालू नका, घरातही वापरू नका. तेच इंजेक्शन उरलं म्हणून कुत्र्याला टोचू नका. कोली जातीच्या आणि तिच्या संकराच्या काही कुत्र्यांना ते जिवावर बेततं.

पावसाळ्याआधीची तयारी

माझं ठाम मत आहे की आसडीचा निम्मा बंदोबस्त कॅलेंडरवर होतो. खच्चीकरण, शिंगं जाळणं, कानात बिल्ला, वेसण टोचणं, लोकर कातरणं, ही सगळी रक्त काढणारी कामं थंडीत, कोरड्या हवेत उरका. सरकारी 12 आकडी बिल्ला मारायला माणूस पावसाळ्यात आला तर नाही म्हणू नका, पण पुढचे आठ दिवस त्या कानाला रोज औषध लावा.

आपल्याकडचा बेंदूर नेमका पावसात येतो. बैलांची शिंगं तासतात, घासतात, रंगवतात. हौस करा, वर्षातून एकदा त्यांचा सण. पण शिंग तासताना रक्ताचा ठिपका दिसला तर तिथं थांबा, रंग लावायच्या आधी आयोडीन लावा. रंगाखाली जखम दिसत नाही. शिंगाच्या बुडाशी पडलेली आसडी आत पोकळीत उतरली की फार अवघड होते.

वासरू-रेडकू जन्मलं की नाळ पोटापासून दोन-तीन बोटांवर स्वच्छ दोऱ्यानं बांधा, खाली कापा, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. सुकून गळेपर्यंत रोज दोनदा. त्याला कोरड्या पाचटावर ठेवा, आणि पाचट ओलं झालं की बदला. जार खोल पुरा, कुत्री उकरतील असा नको. जखमेवर बसणाऱ्या आणखी काही हिरव्या माशा असल्या कुजक्या मांसात वाढतात.

लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर द्या. खुरांत फोड फुटले आणि चिखल असला की आसडी पाठोपाठ येतेच. 2022 च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीनंतर ज्यांच्या गाईंच्या अंगावर खड्डे पडले होते त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मेंढ्या, घोडी आणि माणसाचा डोळा

शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांना दुसरी एक माशी माहीत हवी, ईस्ट्रस ओव्हिस. ही जखम शोधत नाही आणि अंडीही घालत नाही. उडता उडता मेंढीच्या नाकपुडीत जिवंत बारीक अळ्या सोडते. त्या नाकातून वर कपाळाच्या पोकळीपर्यंत जातात, वाढतात, आणि मेंढी शिंकली की बाहेर पडून मातीत कोष करतात. भर उन्हात मेंढ्या तोंडं एकमेकींच्या पोटाखाली खुपसून गोल उभ्या राहिल्या, नाक जमिनीला घासायला लागल्या, तर ही माशी फिरतीय. पुढं नाकातून घट्ट शेंबूड, शिंका, कधी मान वाकडी करून गोल फिरणं. इथं टर्पेंटाईन नाही, चिमटा नाही. डॉक्टर आयव्हरमेक्टिन किंवा क्लोसँटेल देतात, आणि ते सगळ्या कळपाला दिलं तरच अर्थ असतो. पट्टणकोडोलीच्या यात्रेला जमणाऱ्या धनगर बांधवांशी बोलून बघा, शिंकणारी मेंढी ते लांबून ओळखतात.

मेंढपाळांच्या बिऱ्हाडाच्या घोड्यांना आणखी वेगळी माशी छळते. पुढच्या पायांच्या केसांवर पिवळसर, तिळापेक्षा बारीक अंडी चिकटलेली दिसतात. घोडी तिथं चाटते, अळ्या तोंडातून पोटात जातात आणि जठराच्या भिंतीला कित्येक महिने चिकटून राहतात. कोमट पाण्याचं फडकं त्या केसांवर दाबून धरा, ओल आणि ऊब लागली की अंडी तिथंच फुटतात, मग पुसून काढा आणि फडकं उकळा. हातमोजे घाला.

नाकात अळ्या सोडणारी ती मेंढीची माशी कधी कधी माणसाच्या डोळ्यातही तेच करते. मेंढरं राखताना काहीतरी डोळ्यावर फटकन आपटलं, नंतर टोचायला लागलं, आत हलतंय असं वाटलं, तर चोळू नका, पाल्याचा रस घालू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा आणि मेंढरं राखताना झालं हे त्यांना सांगा. अळ्या बारीक असतात, कारण माहीत नसेल तर नुसते डोळे आलेत असं वाटतं. डॉक्टर डोळ्यात भुलीचे थेंब टाकून त्या चिमट्यानं उचलतात. घरात अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस असेल, पाठीला जखमा झालेल्या असतील किंवा मधुमेहानं पाय चिघळला असेल, तर गोठ्यातला नियम त्यांनाही लावा: रोज उजेडात जखम बघायची, झाकून ठेवायची, मच्छरदाणी दिवसाही लावायची. तिथं अळी दिसली तर गोठ्यातली बाटली आणू नका, त्यांना दवाखान्यात न्या. आणि तिथं सांगताना लाजू नका.